ड्रायर फिरेना? 'मोटर जळली' म्हणण्याआधी या सात गोष्टी बघा

आजरा : जुलै-ऑगस्टात आमच्या भागात कपडे वाळणं म्हणजे दिव्य असतं. सोप्यात दोरी, माडीवर दोरी, चुलीवरच्या शिंकाळ्यालाही पोराचे मोजे. चार-चार दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही आणि शाळेच्या युनिफॉर्मला कुबट वास मारायला लागतो. अशा वेळी घरात वॉशिंग मशिन असेल, तर तिच्या धुण्याच्या बाजूपेक्षा ड्रायरचीच किंमत जास्त कळते. आणि नेमका भर पावसातच ड्रायर बंद पडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशात ड्रायर म्हणजे गरम हवेनं कपडे पूर्ण वाळवणारं वेगळं मशिन. आपल्याकडं गावात ड्रायर म्हटलं की सेमी ऑटोमॅटिक मशिनची उजवीकडची किंवा डावीकडची ती लहान टाकी, जी गरगर फिरून कपडे पिळते. तिच्यात हिटर नसतो. ती पाणी झटकून टाकते, बाकीचं काम वाऱ्याचं. हा लेख त्या ड्रायरबद्दल आहे.

मी मेकॅनिक नाही. बारावी शिकलोय, ऊस आणि भात करतो, आणि बातम्या पाठवतो. पण या ड्रायरनं मला दोनदा शहाणं केलंय. पहिल्यांदा पैसे घालवून, दुसऱ्यांदा पैसे वाचवून. दोन्ही सांगतो.

दोनशे रुपयांची दुरुस्ती, दोन हजारांचा फटका

आमच्या ड्रायरचं झाकण लावलं तरी तो कधी चालू व्हायचा, कधी नाही. एक मेकॅनिक बोलावला. त्यानं मागचं पत्र्याचं झाकण उघडलं, आत काहीतरी केलं आणि म्हणाला, "आता कटकट नाही दादा, डायरेक्ट करून दिलंय." दोनशे रुपये घेतले. ड्रायर मस्त चालू झाला. आम्ही खूश.

त्यानं झाकणाच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. म्हणजे झाकण उघडलं तरी मोटर बंदच होत नव्हती. ते आम्हाला कळलं कसं, तर बहिणीचा सहा वर्षांचा पोरगा सुट्टीला आला होता. त्यानं कौतुकानं झाकण उघडलं आणि आतला रुमाल घ्यायला हात घातला. टाकी फिरतच होती. बायको शेजारीच कपडे पिळत उभी होती म्हणून तिनं त्याचा हात मागं ओढला. बोटाला नुसतं खरचटलं. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

पुढं महिनाभरात जळका वास येऊन मोटरही गेली. कारण सोपं होतं, पण मला नंतर समजलं. झाकण उघडलं की ड्रायरला आपोआप ब्रेक लागतो. आता एकीकडं ब्रेक दाबतोय आणि दुसरीकडं मोटर ओढतेय. बैलगाडीची खीळ ओढून बैलाला चाबूक मारल्यासारखं झालं. मोटर तापून तापून जळली. नवीन मोटर सोळाशे, बसवायचे चारशे. दोनशे रुपयांची दुरुस्ती अशी दोन हजारांत पडली.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत्ताच सांगतो. झाकणाचा स्विच कधीही 'डायरेक्ट' करू देऊ नका. ज्यांच्या घरी आधीच केलाय, त्यांनी आजच बघा. ड्रायर चालू असताना झाकण उचला, हात लांब ठेवा. मोटरचा आवाज लगेच बंद व्हायला हवा आणि टाकी काही सेकंदांत थांबायला हवी. तसं होत नसेल तर स्विच नवीन बसवेपर्यंत ड्रायर वापरू नका.

हात लावण्याआधी

मशिन ठेवलेली जागा म्हणजे बहुतेक घरांत न्हाणीचा दरवाजा किंवा मागचं परडं. खाली ओल, पाय अनवाणी. विजेला एवढंच पुरतं.

- प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काही घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, बटण बंद असलं तरी आत करंट असतो.
- पायात कोरडी चप्पल घाला, हात कोरडे करा, फरशी पुसून घ्या.
- मागचं झाकण उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा. कोणती वायर कुठं होती हे नंतर आठवत नाही, फोटोला आठवतं.
- मशिनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बाकी काही तपासत बसू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. 'थोडा करंट येतोयच की' असं म्हणून सोडून देऊ नका.

प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती मोडलेली असली किंवा सॉकेटमागं अर्थची वायरच जोडलेली नसली, तर तीन पिनांचा प्लग फक्त दिसायला तीन पिनांचा. जमत असेल तर मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळतोय असं त्याला कळलं की तो क्षणात लाईट तोडतो. माणूस वाचवणारी वस्तू आहे ती.

१. लाईट, व्होल्टेज आणि पाणी

धुण्याची बाजू चालते का बघा. ती चालत असेल तर लाईट मशिनपर्यंत येतेय, दोष ड्रायरकडं आहे. दोन्ही बाजू बंद असतील तर प्लग, सॉकेट आणि मशिनची वायर बघा. त्याच सॉकेटला दुसरी वस्तू लावून बघितली की निकाल लागतो.

संध्याकाळी ड्रायर नुसता गुरगुरतो आणि पहाटे नीट फिरतो, असं असेल तर व्होल्टेज कमी पडतंय. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होते. २३०च्या जागी १८० व्होल्ट आले, तर ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. व्होल्टेज पाचवा हिस्साच कमी झालेलं दिसतं, पण मोटर जवळपास अर्धमेली झालेली असते. विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजवर उचलत नाही, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे सांगायला नको. अशा वेळी जबरदस्तीनं चालवू नका, वेळ बदला.

आणखी एक गंमत. पाणी सोडायचा पाईप वर अडकवून ठेवलेला असेल किंवा पुढं तोंडाशी चिखल, केस, धागे अडकले असतील, तर ड्रायरच्या बाहेरच्या टाकीत पाणी साठतं. आतली टाकी त्या पाण्यात फिरायला बघते आणि वेगच घेत नाही. पाईप जमिनीवर सोडा, साफ करा. आमच्या गल्लीतल्या एका काकींचा 'बिघडलेला' ड्रायर एवढ्यानंच चालू झाला.

२. अडकलेलं कापड आणि वाकडी भरती

प्लग काढून ड्रायरची टाकी हातानं फिरवून बघा. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळं ती घट्टच लागेल. दुसऱ्या माणसाला झाकणाची खटकी किंवा मागची ब्रेकची वायर ओढून धरायला सांगा, मग फिरवा. मोकळी फिरली तर ठीक. कुठंतरी घासली किंवा अडली, तर बॅटरी मारून आतली आणि बाहेरची टाकी यांच्या मधल्या फटीत बघा. मोजा, रुमाल, ब्लाऊजची नाडी, लहान बाळाचं टोपरं तिथं हमखास सापडतं. वाकवलेल्या तारेनं हळू काढा, खालच्या रबराला भोक पाडू नका.

धडधड आवाज येत असेल तर बहुतेक वेळा कपडे एका बाजूला झालेले असतात. वाकळ, जाड चादर, जीन्स एकटी टाकली की हे होतंच. कपडे गोल पसरून दाबून भरा, वरची प्लास्टिकची जाळीदार चकती लावा. ती चकती पुष्कळ जण हरवतात किंवा डब्यावर झाकण म्हणून वापरतात. ती नसली की फिरताना एखादं कापड वर उडून फटीत जातं. चकती सुटी मिळते आणि स्वस्त असते.

३. झाकणाचा स्विच

लाईट आहे, टायमर टिकटिकतोय, पण मोटरचा आवाजच नाही. अशा वेळी आधी संशय या स्विचवर घ्या. झाकण बंद झालं की एक प्लास्टिकचा दांडा खाली दाबला जातो आणि दोन पत्त्या एकमेकींना चिकटतात. ओलाव्यानं पत्त्यांवर गंज आणि काजळी धरते, किंवा झाकणाचा दांडाच तुटतो.

प्लग काढलेला असताना मल्टिमीटरनं तपासता येतो. तीनशे-चारशेचा साधा मीटर पुरतो. आवाज येणाऱ्या खुणेवर मीटर ठेवा आणि स्विचच्या दोन टोकांना लावा. स्विच दाबला की 'पीप' वाजायला हवं, सोडला की थांबायला हवं. दाबूनही वाजत नसेल तर स्विच गेला. वाजत असेल पण झाकण लावल्यावर दाबलाच जात नसेल, तर दोष झाकणाच्या दांड्याचा किंवा बिजागरीचा. वस्तू छोटी, किंमत छोटी. पण याच्याच जागी 'डायरेक्ट'चा उद्योग होतो.

४. ब्रेक

मोटर घूं-घूं करते पण टाकी फिरत नाही किंवा फार जड फिरते. मागचं झाकण उघडल्यावर मोटरच्या वर एक गोल ड्रम दिसेल, सायकलच्या ब्रेकसारखा रबराचा किंवा फायबरचा तुकडा त्याला चिकटलेला असेल. हा ब्रेक शू. झाकण लावल्यावर एक तार त्याला मागं ओढते आणि ड्रम मोकळा होतो. तार ताणली जाऊन सैल झाली किंवा तिचा हूक निसटला, तर झाकण लावूनही ब्रेक सुटत नाही आणि मोटर बिचारी ओढत बसते.

झाकण लावून बघा, शू आणि ड्रम यांच्यात थोडी फट पडायला हवी. पडत नसेल तर तार एक घर आवळून लावा, बऱ्याच मशिनमध्ये त्यासाठी भोकं दिलेली असतात. उलट, झाकण उघडल्यावर टाकी बराच वेळ फिरत राहत असेल, तर शू झिजलाय किंवा तार जास्त आवळली गेलीय. ब्रेक चांगला लागणं आणि चांगला सुटणं, दोन्ही पाहिजे.

५. टायमर

ड्रायरचा टायमर बहुतेक ५ मिनिटांचा असतो आणि घड्याळासारखी चावी भरून चालतो. त्याला फिरायला लाईट लागत नाही. त्यामुळं 'टायमर फिरतोय म्हणजे चांगला आहे' असं समजू नका. फिरणं वेगळं आणि आत वीज जोडणं वेगळं. प्लग काढून, टायमरच्या टोकांच्या वायरी सुट्या करून, तो थोडा फिरवून ठेवा आणि मीटर लावा. वाजला तर बरा, नाही वाजला तर आतल्या पत्त्या जळाल्या.

कधी कधी टायमर ठणठणीत असतो, फक्त वरचं बटण आतून झिजून नुसतं गरगर फिरतं. बटण ओढून काढा आणि आतलं इंग्रजी 'डी' अक्षरासारखं भोक बघा. गोल झालं असेल तर नुसतं बटण बदला.

६. उंदीर

ही आपल्या भागाची खास अडचण. भात घरात आला की उंदीर येतात, आणि मशिनची खालची बाजू बहुतेक उघडी असते. मोटरजवळची ऊब त्यांना आवडते. मागून बॅटरी मारून बघा. कुरतडलेलं प्लास्टिक, लेंड्या, तुटलेली वायर दिसते. तुटलेल्या दोन टोकांचा रंग जुळवा, नीट जोडून घ्या आणि जोडावर चांगली टेप किंवा उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. हा जोड वर बांधा, खाली पाणी ठिबकतं तिथं लोंबकळत ठेवू नका.

नंतर खालून बारीक तारेची जाळी मारा. पोत्याचं कापड किंवा पुठ्ठा लावू नका, मोटरला हवा लागते. मशिन स्टँडवर ठेवलं तर उंदीर आणि ओल दोन्ही कमी.

७. कॅपॅसिटर

हाच दोष माझ्या चुलतभावाच्या घरी निघाला. गेल्या पावसात त्याचा फोन आला. "भावा, ड्रायर गेला. मेकॅनिक म्हणतोय मोटर जळली, अठराशे लागतील. बिल अजून जमा नाही झालं, काय करू?" उसाचं बिल म्हणत होता तो. घरात वहिनींना नुकतं बाळ झालेलं, दुपट्यांचा ढीग. मी म्हटलं, थांब, मी येतो.

जाऊन बघितलं. जळका वास नव्हता. टाकी हातानं मोकळी फिरत होती. ब्रेक सुटत होता. चालू केल्यावर मोटर फक्त 'हूंऽऽ' करत होती. ज्याच्या शेतात सिंगल फेजची मोटर आहे, त्याला हा आवाज ओळखीचा आहे. विहिरीवरची मोटर असा आवाज करून उचलत नाही तेव्हा आपण पहिल्यांदा काय बदलतो? कॅपॅसिटरच ना? ड्रायरची मोटरही त्याच जातीची, फक्त लहान. कॅपॅसिटर गेला की मोटरला फिरायचा पहिला धक्काच मिळत नाही. कॅपॅसिटर पूर्ण न जाता कमजोर झाला, तर टाकी फिरते पण रडत रडत, आणि कपडे ओलेच निघतात.

गडहिंग्लजहून नवा आणला. एकशे तीस रुपये. बसवायला दहा मिनिटं. ड्रायर फिरला. मेकॅनिक खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, कदाचित त्यानं घाईत आवाजावरून अंदाज बांधला असेल. पण तपासल्याशिवाय अठराशेला होय म्हणायचं नाही, एवढं आम्ही त्या दिवशी शिकलो.

कॅपॅसिटर बदलताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहू शकतो. टोकांना थेट बोट लावू नका. होल्डरमध्ये जुना पिवळा बल्ब लावा आणि होल्डरच्या दोन वायरी कॅपॅसिटरच्या टोकांना थोडा वेळ टेकवा, साठलेला करंट उतरतो. वायरींचा उघडा भाग हाताला लागू देऊ नका. तीन वायरींचा कॅपॅसिटर असेल तर प्रत्येक जोडीला हेच करा.

दुसरी, आकडा जुळवा. अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा असतो, दुकानात त्याला 'एमएफडी' म्हणतात. ड्रायरला साधारण ४, ५, ६ असे आकडे असतात, धुण्याच्या मोटरला त्याहून मोठे. काही मशिनमध्ये एकाच डबीत दोन्ही असतात आणि '१० + ५' असं छापलेलं असतं, तिला तीन वायरी येतात. जुना जो आकडा तोच नवा घ्या. 'मोठा टाकला तर जोरात फिरेल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मोटर तापेल. व्होल्टचा आकडा मात्र जुन्याइतका किंवा जास्त चालतो, बहुतेकांवर ४४० असतो.

तिसरी, अंगावर 'आयएस २९९३' छापलेलं आहे का बघा. मोटरच्या कॅपॅसिटरसाठीचं ते भारतीय मानक आहे. फुगलेला, तेल गळणारा किंवा आकडे पुसलेला घेऊ नका.

मग मोटर जळली हे कधी मानायचं?

वरच्या सातही गोष्टी ठीक असतील तेव्हा. त्यातही आधी अर्धा-पाऊण तास थांबा. सलग पाच-सहा वेळा ड्रायर चालवला की मोटर तापते. काही मोटरमध्ये तापल्यावर बंद होणारा आणि गार झाल्यावर पुन्हा चालू होणारा प्रोटेक्टर असतो. काहींत फ्यूज असतो, तो एकदा गेला की गेला.

गार झाल्यावरही चालली नाही, तर मीटर लावा. ड्रायरच्या मोटरमधून बहुतेक तीन वायरी निघतात. त्या कॅपॅसिटर आणि टायमरपासून सुट्या करा. मीटर ओहमवर ठेवा आणि दोन-दोनच्या तीन जोड्या मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा यायला हवा, आणि सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेएवढा यायला हवा. एखाद्या जोडीत आकडाच येत नसेल तर आतली तार तुटली किंवा फ्यूज गेला. आणि कुठलीही वायर मोटरच्या पत्र्याशी आकडा दाखवत असेल, तर मोटर बॉडीला टेकली आहे, तिला लाईट देऊच नका.

मीटर नसेल तर मोटर काढून पंपाच्या रिवाइंडिंगवाल्याकडं न्या. तालुक्याच्या बाजारात असे दोन-चार जण असतातच. दोन मिनिटांत सांगतील.

मोटर खरंच जळली असेल तर ती का जळली हे बघितल्याशिवाय नवीन बसवू नका. मोटरच्या डोक्यावर गंज, पांढरे डाग किंवा काळं पाणी दिसतंय का? तसं असेल तर टाकीच्या तळाचा रबरी सील, ज्याला दुकानदार 'बेलो' म्हणतात, तो फाटलाय. पाणी शाफ्टवरून थेट मोटरवर येतंय. सील तसाच ठेवून नवी मोटर बसवली तर तीही त्याच वाटेनं जाईल. बोअरच्या जड पाण्याचा आणि पावडरच्या खडीचा सीलवर परिणाम होतो, म्हणून महिन्यातून एकदा ड्रायरच्या टाकीत साधं पाणी ओतून निचरून काढा.

मोटर तीन स्प्रिंगांवर उभी असते. एखादी मोडली किंवा बसली की टाकी कलते आणि भिंतीला आपटते. आणि मोटर फिरते पण टाकी जागची हलत नाही, असं असेल तर दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू ढिला झालेला असतो. आवळला की काम झालं. सील, स्प्रिंग आणि मोटर बदलणं मात्र घरी करण्याचं काम नाही, ते जाणकाराकडून करून घ्या.

पार्ट शोधायचा कसा?

पार्टसाठी गडहिंग्लजला, तिथं नाही मिळाला तर कोल्हापूरला जावं लागतं. एक हेलपाटा म्हणजे दिवसाची मजुरी आणि तिकिटाचे पैसे. म्हणून तयारी करून जा.

1. मशिनच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर मॉडेल नंबर असतो. कंपनीचं नाव आणि 'सात किलोची' एवढ्यावर पार्ट मिळत नाही.
2. खराब पार्ट काढून सोबत न्या. काढता येत नसेल तर पट्टी शेजारी ठेवून समोरून, मागून, बाजूनं फोटो काढा.
3. मोटर असेल तर तिच्या लेबलवरचे वॅट, फिरण्याची दिशा आणि कॅपॅसिटरचा आकडा लिहून घ्या. शाफ्टची जाडी आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजा. दिसायला सारख्या मोटरी बसवताना एका बोटानं चुकतात.
4. निघण्याआधी दुकानदाराला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, आहे का विचारा, किंमत विचारा.
5. नवी मोटर तांब्याच्या वाइंडिंगची की अॅल्युमिनियमची, हे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. किमतीत फरक असतो. स्वस्त घ्या किंवा महाग, पण आपण काय घेतोय हे माहीत असावं.
6. पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय बदलून मिळत नाही.

कॅपॅसिटर, टायमर, स्विच, ब्रेकची तार हे बऱ्याच कंपन्यांचे एकमेकांना जुळतात, त्यामुळं चांगल्या दुकानातला साधा पार्ट चालतो. सील, झाकण, बटण, टाकी हे मॉडेलप्रमाणं बदलतात, ते त्याच मॉडेलचे घ्या. ऑनलाईन मागवताना फोटोवर जाऊ नका, मापं वाचा आणि परत घेतात का ते आधी बघा.

वॉरंटी कार्ड शोधा. मशिनची वॉरंटी संपली तरी मोटरची वॉरंटी पुष्कळदा जास्त वर्षांची असते. त्यात बसवण्याची मजुरी धरलीय का, तेही वाचा. वॉरंटी असताना बाहेरच्या माणसाकडून मशिन उघडून घेतलं तर कंपनी हात वर करू शकते, म्हणून आधी कंपनीला फोन करा.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलंय. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती तिथं एका जागी मिळते. मोबाईलवर उघडतं. वॉरंटीत असून दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा, बिल आणि मॉडेल नंबर हाताशी ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

मेकॅनिकला काय विचारायचं?

मेकॅनिकवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पावसात चिखल तुडवत येणारा तोच असतो. पण दुरुस्तीला होय म्हणण्याआधी शांतपणे चार गोष्टी विचारा. दोष कशात आहे ते मीटर लावून दाखवाल का? कॅपॅसिटर बदलून बघितला का? जुना पार्ट मला परत द्याल का? आणि झाकणाचा स्विच, ब्रेक पहिल्यासारखा चालतो का, जाण्याआधी माझ्यासमोर दाखवाल का? चांगला माणूस या चारही प्रश्नांवर रागावत नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ड्रायर चार दिवस बंद राहिला तर हातानं पिळून कपडे चुलीवर वाळतील, आपल्या आयांनी जन्मभर तेच केलं. पण उघड्या झाकणाखाली फिरणारी टाकी घरात नको. आमच्या भाच्याच्या बोटावरची ती खूण आता दिसत नाही. मला मात्र मशिन लावायच्या आधी प्रत्येक वेळी झाकण उचलून बघायची सवय लागली, ती काही गेली नाही. तुम्हीही आज एकदा उचलून बघा.